तांदूळ मुबलक, भाव अडीचपट

२००७-०८ च्या हंगामात जगात तांदळाचं पीक तोवरच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त आलं होतं. तरीही जानेवारी २००८ मध्ये टनाला चारशे डॉलरच्या आसपास असलेला थायलंडचा तांदूळ एप्रिलअखेर हजार डॉलरच्या पलीकडे गेला. एवढी उडी समजावी, असा कुठलाही मोठा दुष्काळ भातपिकावर आलेला नव्हता. मग चार महिन्यांत झालं काय?

उत्तराचा पहिला धागा बाजाराच्या आकारात सापडतो. जगात पिकणाऱ्या गव्हापैकी साधारण चौथा हिस्सा देशाची सीमा ओलांडतो. तांदूळ मात्र बहुतेक जिथे पिकतो तिथेच खाल्ला जातो. त्या सुमारास एकूण पिकाच्या जेमतेम सात टक्के तांदूळ परदेशी जात होता. आजही हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आगेमागेच आहे. आता हिशेब करून पाहा. समजा शंभर टन तांदूळ पिकला आणि त्यातला सात टन बंदरावर आला. पुढच्या वर्षी पीक एका टनाने घटलं आणि पिकवणाऱ्या देशांनी आधी घरच्यांची पोटं भरायची ठरवली, तर तो टन त्या सातातूनच कमी होणार. शेतातली एक टक्क्याची तूट बंदरावर पोचेपर्यंत चौदा टक्क्यांची झालेली असते.

दुसरा धागा पोटाचा. कापड महागलं तर खरेदी लांबणीवर टाकता येते, जेवण टाकता येत नाही. इंग्लंडमध्ये ग्रेगरी किंग यांच्या नावाने ओळखला जाणारा एक जुना तक्ता आहे. चार्ल्स डॅव्हनंट यांनी तो १६९९ मध्ये छापला. धान्य नेहमीपेक्षा एक दशांश कमी आलं तर भाव तीन दशांशाने चढतो, दोन दशांश कमी आलं तर आठ दशांशाने, आणि तीन दशांश कमी आलं तर सोळा दशांशाने, म्हणजे थेट अडीचपटीच्या वर. आकडे आजच्या बाजाराला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, पण चढणीचा आकार तोच आहे: तूट जितकी वाढते, तितकी तिची प्रत्येक पुढची पायरी जास्त महाग पडते.

पण २००८ मध्ये तूटच नव्हती, आणि इथेच गोष्ट रंगते. सुरुवात झाली गव्हापासून. भारताचा सरकारी गव्हाचा साठा आधीच्या दोन वर्षांत उतरला होता आणि जगात गहू महाग होता. म्हणून गव्हाची उणीव घरच्या तांदळाने भरून काढायची, असा हिशेब झाला आणि ऑक्टोबर २००७ मध्ये भारताने बिगरबासमती तांदळाच्या निर्यातीवर बंधनं घातली. व्हिएतनामनेही हात आखडता घेतला. हे पाहून सर्वांत मोठा आयातदार असलेला फिलिपिन्स घाबरला आणि मिळेल त्या भावाने मोठमोठ्या निविदा काढू लागला. त्या निविदांचे भाव ऐकून उरलेले विक्रेते माल धरून बसले. कुणाचाही निर्णय त्याच्या जागी वेडेपणाचा नव्हता, पण सगळे मिळून जे झालं ते वेडेपणाचंच होतं.

यात आयातदारांचीही बाजू पाहायला हवी, कारण दोष बहुधा निर्यातबंदीलाच दिला जातो. भाव चढले की आयातदार देश आयातशुल्क कमी करतात. घरचा भाव आटोक्यात राहतो, म्हणून लोक पूर्वीइतकंच खातात, आणि ती न घटलेली मागणी जागतिक बाजारात जाऊन पडते. एक दार विक्री अडवतं, दुसरं खरेदी वाढवतं, परिणाम सारखाच. विल मार्टिन आणि किम अँडरसन या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही बाजूंची मोजदाद केली, तेव्हा २००६ ते २००८ दरम्यानच्या तांदळाच्या भाववाढीत अशा सरकारी उपायांचा वाटा सुमारे ४५ टक्के निघाला.

फुगा फुटला तोही गमतीशीर रीतीने. जागतिक व्यापार करारामुळे जपानला दरवर्षी ठरावीक परदेशी तांदूळ विकत घ्यावा लागतो. जपानी माणूस तो फारसा खात नाही, त्यामुळे गोदामांत पंधरा लाख टनांच्या आसपास साठला होता. त्यात अमेरिकेचाही तांदूळ असल्याने तो बाहेर विकायला तिची संमती लागणार होती. मे २००८ मध्ये ती अडचण दूर होत असल्याची आणि फिलिपिन्सला तांदूळ मिळणार असल्याची बातमी फुटली आणि भाव उतरायला लागला. व्हिएतनामचं नवं पीकही तोवर येऊ घातलं होतं, तेही धरायला हवं. मात्र फिलिपिन्सबरोबरचा तो व्यवहार प्रत्यक्षात झालाच नाही. नुसत्या बातमीने काम केलं.

साठ्याला इतकं महत्त्व का, याचं कारण साधं आहे. या वर्षीचं जादा धान्य पुढच्या वर्षासाठी ठेवता येतं, पण पुढच्या वर्षीचं आज आणता येत नाही. पीक भरपूर आलं की माल गोदामात जातो आणि भाव फार कोसळत नाही. पीक बुडालं तर गोदाम रिकामं होईपर्यंतच आधार. म्हणून धान्याच्या भावांचे आलेख काढले की लांबलचक उथळ दऱ्या आणि मध्येच सुळके दिसतात.

सुळका उतरला तरी माणसं तो विसरत नाहीत. १९७२ मध्ये एल निनो आला, पेरूच्या किनाऱ्यावरची अँकोव्ही मासळी नाहीशी झाली आणि पशुखाद्यातल्या मासळीच्या भुकटीचा तुटवडा पडला. सगळे सोयापेंडीकडे धावले, भाव भडकले आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात रोखली. बंधनं काही महिन्यांतच उठली. पण जवळजवळ सगळं सोयाबीन अमेरिकेकडून घेणाऱ्या जपानने धडा घेतला आणि ब्राझीलच्या सेराडो या गवताळ पट्ट्यात पैसा ओतला. तिथल्या आम्ल जमिनीत चुना घालून, उष्ण हवेत टिकतील अशी वाणं तयार करून सोयाबीन उभं केलं गेलं. आज सोयाबीनच्या निर्यातीत ब्राझील अमेरिकेच्या पुढे आहे. काही महिन्यांच्या बंधनांची किंमत अमेरिकी शेतकरी अजून मोजतो आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

नियमांचं म्हणाल, तर जागतिक व्यापार संघटनेत आयातशुल्कावर कमाल मर्यादा आहेत, निर्यातबंदीला मात्र फारसा लगाम नाही. अन्नटंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी घालायला मुभाच आहे. जून २०२२ मध्ये एवढं ठरलं, की जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीच्या खरेदीला बंदी लावायची नाही. त्याआधी एप्रिल-मे २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेल रोखून धरलं होतं, पुढे जुलै २०२३ मध्ये भारताने बिगरबासमती पांढरा तांदूळ.

भीती आवरायला माहिती लागते, म्हणून २०११ मध्ये जी-२० देशांनी रोममध्ये कृषी बाजार माहिती प्रणाली सुरू केली. गहू, मका, तांदूळ आणि सोयाबीन या चार पिकांचं उत्पादन, साठे आणि व्यापार यांचे अंदाज ती नियमित जाहीर करते. पण सगळाच साठा बाजाराच्या कामाचा नसतो. जगातल्या गहू-तांदळाच्या साठ्यापैकी सुमारे निम्मा चीनमध्ये आहे आणि तो सहसा बाहेर येत नाही. म्हणून ‘जगात साठा भरपूर’ ही बातमी आली, की जाणकार आधी त्यातून चीनचा आकडा वजा करतात आणि मग निर्यातदार देशांच्या हातात किती उरतं, ते पाहतात.