पुमुक्लच्या घशाची लांबी

मेलेल्या नटाला कृत्रिम बुद्धिमत्तेने बोलतं केलं, असं पुमुक्लच्या नव्या मालिकेबद्दल सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंही खरं नाही.

पुमुक्ल हा म्युनिकमधल्या एडर सुताराच्या कारखान्यात राहणारा लाल केसांचा खोडकर कोबोल्ड, म्हणजे जर्मन लोककथांतला घरात राहणारा बुटका. एरवी अदृश्य, पण सरसाच्या भांड्याला चिकटला आणि एडरला दिसू लागला. एलिस काउट यांनी त्याला रेडिओसाठी घडवलं, १९६२ साली. १९८२ पासून तो टीव्हीवर आला. त्यात माणसं खरी, पुमुक्ल तेवढा चित्रातला आणि आवाज हान्स क्लारिन यांचा. क्लारिन २००५ मध्ये वारले. २०२३ च्या मालिकेत कारखाना एडरचा पुतण्या सांभाळतो आणि पुमुक्लचे संवाद मॅक्सिमिलियन शाफ्रोट बोलतात. यंत्र फक्त त्यांच्या आवाजाचा पोत बदलून क्लारिनसारखा करतं.

पोत म्हणजे पट्टी नव्हे. कुजबुजत आधी 'ई' म्हणा, मग 'ऊ'. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणजे पट्टी नाहीच. तरी दोन्ही स्वर वेगळे ऐकू येतात. हा फरक घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीतल्या अनुनादांचा, म्हणजे ती पोकळी ज्या वारंवारतांना जास्त घुमते त्यांचा. पुरुषाची ही नळी साधारण १७.५ सेंटिमीटर. एका टोकाला बंद नळीचा पहिला अनुनाद काढायचा तर ध्वनीच्या वेगाला लांबीच्या चौपटीने भागायचं. घशातल्या उबदार हवेत वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर उत्तर ५०० हर्ट्झ. पुढचे अनुनाद १५०० आणि २५०० वर. जीभ नि ओठ हलले की हे आकडे सरकतात, त्यातून स्वर बनतात. मुलाची नळी १३ सेंटिमीटर धरा: पहिला अनुनाद ६७० च्या आसपास जातो. नळी आखूड, म्हणजे बोलणारा लहान, हे आपला कान न शिकवता ओळखतो.

प्रौढ नट बुटक्याचा आवाज काढतो तो इथेच. कंठमणीवर बोट ठेवून चिरक्या आवाजात बोला. स्वरयंत्र वर सरकतं. एक सेंटिमीटर सरकलं तरी ५०० चे ५३० होतात. ध्वनिफीत दीडपट वेगाने फिरवली तर पट्टी, अनुनाद आणि बोलण्याची गती तिन्ही एकदम दीडपट होतात. ऐकू येते खार, क्लारिन नव्हे.

म्हणून आवाज बदलणारी यंत्रणा ध्वनी सोलून वेगळा करते. सुमारे २५ मिलिसेकंदांच्या चकत्या, दर १० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला शंभर. प्रत्येक चकतीत कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा, ते बहुधा ८० कप्प्यांत मांडतात. त्यातून 'काय उच्चारलं' आणि 'पट्टी कशी चढली-उतरली' हे आताच्या नटाकडून घ्यायचं, 'कोणाच्या घशातून' हे जुन्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेल्या न्यूरल जाळ्याकडून, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीकडून. शेवटी त्या ८० आकड्यांच्या रांगांतून पुन्हा लहर विणायची.

बिघडतं ते बहुतेक शिकवणीच्या सामग्रीत. जुन्या संवादांमागे संगीत, करवतीचा आवाज, खोलीचा घुमारा असेल, तर जाळं तोही 'आवाजाचा भाग' म्हणून शिकतं. जुन्या फितीत वरच्या वारंवारता उरलेल्या नसतील तर 'स' आणि 'त्स' बोथट होतात, आणि जर्मनमध्ये त्यांच्यावाचून वाक्य पुढे सरकत नाही. किंचाळताना, हसताना स्वरतंतू अनियमित कंप पावतात. पट्टी मोजणारा भाग अशा वेळी ४०० ऐवजी २०० हर्ट्झ वाचतो आणि बुटक्याच्या तोंडून अर्ध्या क्षणापुरता दांडगा पुरुष बोलून जातो. तो तुकडा हाताने दुरुस्त करावा लागतो किंवा नटाकडून पुन्हा बोलवून घ्यावा लागतो.

बोलीचा हेल, श्वास, यमक जुळल्याचा पुमुक्लचा आनंद यातलं काहीही यंत्र पुरवत नाही. शाफ्रोट हसायला पाव सेकंद उशीर करतील, तर पुमुक्लही पाव सेकंद उशिरा हसेल.