पूर ओसरल्यावरची डॉक्सी

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी त्यावर चढून पुन्हा उतरलं की चिखली-आंबेवाडीपासून शहरातल्या नदीकाठच्या गल्ल्यांपर्यंत गाळ उपसायला सुरुवात होते. त्या गाळात उंदीर-घुशींची आणि गुरांची लघवी मिसळलेली असते. लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या कातडीतून अंगात शिरतात. म्हणूनच या दिवसांत डॉक्टर अनेकांना डॉक्सीसायक्लीन (थोडक्यात डॉक्सी) हे प्रतिजैविक लिहून देतात.

सर्वात मोठा घोळ होतो तो डोसाचा, कारण एकाच औषधाचे दोन वेगळे हिशेब आहेत. आजार होऊ नये म्हणून घ्यायचा प्रौढांचा डोस २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन गोळ्या, आठवड्यातून एकदाच. तोही दूषित पाण्याशी संबंध येत असेल तेवढेच दिवस. आजार झाल्यावर मात्र सौम्य रुग्णाला साधारणपणे १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस देतात. शेजाऱ्याची चिठ्ठी बघून आपला डोस ठरवला की हे दोन्ही हिशेब हमखास उलटेपालटे होतात. प्रतिबंधाची गोळी घेतली म्हणून गमबूट काढून गाळात उतरणंही चुकीचंच. ती धोका कमी करते, पूर्ण टाळत नाही.

या औषधाचा सर्वात त्रासदायक आणि सहज टाळता येणारा दुष्परिणाम अन्ननलिकेत होतो. डॉक्सीसायक्लीन विरघळली की आम्लधर्मी द्रावण तयार होतं. दिवसभर गाळ उपसून दमलेला माणूस रात्री घोटभर पाण्याबरोबर कॅप्सूल गिळून तसाच आडवा होतो. मग ती पोटात न जाता अन्ननलिकेच्या मध्यावर चिकटते आणि तिथंच विरघळून जखम करते. काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी छातीच्या मध्ये जळजळ सुरू होते, घास गिळताना कळ येते. पुष्कळांना हे हृदयाचं दुखणं वाटतं. (अचानक छाती दुखली, घाम फुटला, दम लागला तर मात्र गोळीवर ढकलून मोकळं होऊ नये, आधी ईसीजी.) उपाय अगदी साधा आहे: जेवणानंतर, बसून किंवा उभं राहून, मोठा पेला भरून पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपायच्या वेळी तर घेऊच नये. गिळताना दुखू लागलं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गोळीच्या नावापुढं ‘एलबी’ असेल तर तिच्यात लॅक्टिक ॲसिड बॅसिलस घातलेलं असतं. अन्ननलिकेच्या जखमेपासून ते वाचवत नाही.

पोटात मळमळू नये म्हणून जेवण चालतं, मग दूध का नको? दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं आणि रक्तात पोचणारं प्रमाण साधारण पाचव्या हिश्श्यानं घटतं. याच गटातल्या जुन्या टेट्रासायक्लीनच्या मानानं ही घट किरकोळ. तरी गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर राहू द्यावं. खरा अडथळा ॲसिडिटीच्या पातळ औषधाचा आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळीचा. ॲसिडिटीचं औषध किमान दोन-तीन तास लांब ठेवावं. लोहाचं जरा अवघड आहे: डॉक्सीसायक्लीन रक्तातून पुन्हा आतड्यात उतरते आणि तिथं लोह तिला गाठतं, त्यामुळं वेळ बदलूनही पूर्ण सुटका नाही. तेवढे दिवस लोह थांबवायचं का, हे डॉक्टरांनाच विचारावं.

पावसानं उघडीप दिली की अंथरुणं, भांडी, धान्य वाळवायला सगळे उन्हात. या औषधावर असताना थोड्या उन्हानंही चेहरा, मान, हातांची पाठ भाजल्यासारखी लाल होते. क्वचित नखंही सुटतात. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी किंवा डोक्यावरून पदर घ्यावा. ढगाळ हवेवर विसंबू नये, कारण त्रास देणारे अतिनील किरण ढगांतूनही येतात.

गर्भवती असाल, मूल आठ वर्षांखालचं असेल, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, फिटची औषधं किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, तर गोळी घेण्याआधीच सांगा. डोस चुकला तर आठवल्यावर घ्यावा. पुढच्या डोसाची वेळ झालीच असेल तर चुकलेला सोडून द्यावा, दोन एकदम घेऊ नयेत.

थोडं पातळ शौचाला होणं नेहमीचं. पण दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब, रक्त किंवा ताप असेल, अगदी औषध संपून काही आठवडे झाल्यावरही, तर जुलाब थांबवायची गोळी परस्पर न घेता डॉक्टरांकडं जावं. जोराची डोकेदुखी आणि धूसर दिसणं एकत्र आलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी तपासून घ्यावं. ओठ-जीभ सुजली, दम लागला किंवा पुरळाबरोबर तोंडात फोड आले तर थेट सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा किंवा जवळच्या दवाखान्याचा तातडीचा विभाग गाठावा.

आणि प्रतिबंधाची गोळी घेतलेली असतानाही ताप, पोटऱ्यांत ठणका, लाल डोळे, पिवळेपणा किंवा लघवी कमी होणं दिसलं, तर उरलेल्या पट्टीतल्या गोळ्या वाढवत बसू नये. गाळात काम केल्याचं सांगून रक्त तपासून घ्यावं.