पांढरा खडा दिसला की लगेच गारगोटी म्हणू नका

घाटात, विहिरीच्या खोदकामात नाहीतर खडी क्रशरच्या ढिगात चमकणारा पांढरा खडा मिळाला की बरेच जण त्याला गारगोटी म्हणून मोकळे होतात. पण दख्खनचा आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून बनलाय, तो थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यात झिरपलेल्या पाण्यातून कितीतरी खनिजं वाढली. क्वार्ट्झ (हीच खरी गारगोटी), कॅल्साइट, अपोफायलाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट. आणि ही सगळीच्या सगळी पांढरी किंवा बिनरंगी असू शकतात!

त्यामुळे रंगावर अजिबात जायचं नाही. त्याच क्वार्ट्झमध्ये जरासं लोह असलं आणि आजूबाजूच्या खडकातला किरणोत्सर्ग लागला की तो जांभळा होतो, अपोफायलाइटमध्ये व्हॅनेडियम शिरलं की हिरवा.

आधी ओरखडा काढून बघा. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ च्या सुमारास मांडलेली १ ते १० ची कठिनतेची पट्टी (आकडा मोठा तितकी वस्तू कठीण) आजही चालते. आपलं नख अडीचच्या आसपास, चाकूचं पातं साधारण साडेपाच, कॅल्साइट ३, क्वार्ट्झ ७. म्हणजे चाकूने कॅल्साइटवर सहज चरा पडतो, क्वार्ट्झवर पडत नाही. फक्त एक करा, रेघ उठली की ओल्या बोटाने पुसा, कारण पुष्कळदा ती दगडावरची चर नसते, पात्याचाच धातू घासून तिथे लागलेला असतो, आणि इथेच नवखे लोक हमखास फसतात.

मला स्वतःला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते म्हणजे खनिज तुटतं कसं. कॅल्साइटच्या अणूंची मांडणी अशी आहे की तीन ठरावीक दिशांना बंध कमकुवत असतात, म्हणून कितीही बारीक फोडा, प्रत्येक तुकडा तसाच तिरपा, कललेल्या डबीसारखा निघतो. स्वच्छ तुकडा छापील अक्षरांवर ठेवला तर प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. भुकटीवर व्हिनेगर टाकलं तर बुडबुडेही येतात. क्वार्ट्झला असल्या दिशाच नाहीत, तो फुटक्या काचेसारखा वाकडातिकडा, गोलसर खोलगट फुटतो.

अपोफायलाइट आणि क्वार्ट्झ मात्र टोकदार स्फटिकात खूप गोंधळात टाकतात. तेव्हा बाजूच्या रेघा बघायच्या, क्वार्ट्झवर त्या आडव्या असतात, अपोफायलाइटवर उभ्या. शिवाय अपोफायलाइट एकाच दिशेने सपाट तुटतो आणि त्या पृष्ठावर मोत्यासारखी झाक असते, बाजूंना नसते. ती झाक स्टिल्बाइटलाही असते, पण त्याचे स्फटिक मधे आवळलेल्या पेंढीसारखे दोन्हीकडे फाकलेले असतात आणि हाताला तो हलका लागतो, स्कोलेसाइट तर सुयांच्या झुबक्यावरूनच कळतो.

या पांढऱ्या मंडळींना कस लावून, म्हणजे खरबरीत टाइलवर घासून उठलेल्या रेघेचा रंग बघून, उपयोग नाही, सगळ्यांचा पांढराच येतो. तो उपयोगी पडतो गोव्यातल्या किंवा सिंधुदुर्गातल्या रेडीच्या लोहखनिजाला. हेमॅटाइट कितीही काळपट, चकचकीत दिसू दे, टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासलं की लालसर तपकिरी रेघ, आणि मॅग्नेटाइट असेल तर काळी रेघ, शिवाय ते लोहचुंबकाला चिकटणार.