अमेरिकेतली उन्हाळी सुट्टी खरंच शेतीमुळे आली का?

अमेरिकेत शाळा वर्षभर भरवाव्यात का हा वाद निघाला की कोणीतरी म्हणतंच, ती सुट्टी पोरांनी शेतात राबावं म्हणून द्यायचे, आता शेती कोण करतंय, बंद करा. ऐकायला पटतं, पण तसं झालेलं नाही. शेतावर जास्त हात लागतात ते वसंतात पेरणीला आणि शरदात कापणीला, म्हणून एकोणिसाव्या शतकात खेड्यातल्या शाळा तेव्हा बंद असायच्या आणि हिवाळ्यात अन् चक्क भर उन्हाळ्यात चालू. शहरात तर जवळजवळ वर्षभर, १८४२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळा २४८ दिवस भरायच्या, आज साधारण १८०!

सुट्टी आली ती शहरातून. वर्ग तापायचे, पैसेवाले थंड हवेला निघून जायचे, सक्ती नसल्याने हजेरी पार घसरायची, आणि सतत अभ्यासाने मुलांच्या मेंदूवर ताण येतो असं तेव्हाचे डॉक्टर सांगायचे. खेड्यातलं उन्हाळी सत्र कच्चं समजलं जायचं, तेही हळूहळू गेलं आणि सगळीकडे एकच वेळापत्रक बसलं.

वर्षभर शाळेचा प्रयोगही जुनाच. १९०४ मध्ये इंडियानातल्या ब्लफ्टनला झाला, १९१२ मध्ये न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला, तिथे बाहेरून आलेल्यांच्या मुलांना इंग्रजी लवकर यावं म्हणून. पण लॉस एंजेलिसची गोष्ट वाचून मला खरंच राग येतो. मुलं जास्त, इमारती कमी, म्हणून मुलांचे गट पाडले, एक गट सुट्टीवर तेव्हा बाकीचे वर्गात. 'कॉन्सेप्ट सिक्स' नावाच्या वेळापत्रकात इमारत बारा महिने चालू आणि मुलाच्या वाट्याला १८० ऐवजी १६३ दिवस, रोजचे तास वाढवले म्हणून हिशोब जुळला म्हणायचं, आणि हे आलं बहुतेक गरीब वस्त्यांच्याच वाट्याला. शेवटी कोर्टात केस झाली, २००४ च्या तडजोडीत ही पद्धत २०१२ पर्यंत बंद करायचं ठरलं.

सुट्टीत मुलं विसरतात हे खरंय. मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर यांनी १९९६ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा सरासरी महिनाभराचं नुकसान दिसलं, गणितात जास्त, आणि वाचनात गरीब घरातली मुलं मागे पडली पण मध्यमवर्गीय नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, उन्हाळ्यात त्या मुलांना जास्तीचे दिवस मिळायलाच हवेत. बऱ्याच वर्षभराच्या शाळांत मात्र तेच १८० दिवस नुसते पसरवतात, आणि २००३ मध्ये कूपर यांनीच अशा वेळापत्रकांचे अभ्यास तपासले तेव्हा फरक अगदीच किरकोळ निघाला.