रंग आधी, केस मग, जाडी सगळ्यांत शेवटी

१८४५ साली फ्रँकफर्टच्या हाइनरिश होफमान या डॉक्टरचं 'श्ट्रुव्हेलपेटर' हे चित्रपुस्तक आलं. त्यातला कास्पर चांगला गोल गरगरीत. एक दिवस तो सूप नको म्हणतो, हट्टाने उपाशी राहतो, रोज वाळत जातो आणि पाचव्या दिवशी मरतो. तेव्हा जाडी म्हणजे तब्येत. आपली भोपळ्यातली म्हातारीही लेकीकडे निघते ती तूपरोटी खाऊन जाडजूड व्हायलाच. चित्रातल्या गुटगुटीत पोराला लाज चिकटली ती पुष्कळ नंतर.

मुलांच्या पुस्तकांनी 'आहेस तसा छान आहेस' हे सांगायची सुरुवात डॅनिश लेखक अँडरसनच्या कुरूप पिल्लापासून (१८४३) धरतात. गदिमांच्या 'एका तळ्यात होती'मुळे ते आपल्याही घरचं झालंय. मला ही सुरुवात पटत नाही. ते पिल्लू होतं तसं कुणीच जवळ केलं नाही. राजहंस निघालं म्हणून सुटलं.

खरा बदल झाला अमेरिकेत, आणि तो रंगापासून. १९६२ मध्ये एझ्रा जॅक कीट्सचं 'द स्नोई डे' आलं. पीटर हा कृष्णवर्णीय मुलगा लाल कपड्यांत बर्फात हुंदडतो, एवढीच गोष्ट. रंगाबद्दल चकार शब्द नाही. १९६३ मध्ये त्याला चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डिकॉट पदक मिळालं. तो अपवादच होता. १९६५ मध्ये शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तकं मोजली, तेव्हा एकतरी कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली निघाली फक्त ३४९.

केसांवरून मात्र वाद पेटला. कॅरोलिव्हिया हेरन या कृष्णवर्णीय लेखिकेचं 'नॅपी हेअर' (१९९७) कुरळ्या, दाट केसांचं कौतुक करणारं. पण 'नॅपी' हा अशा केसांना हिणवायला वापरला जाणारा शब्द. १९९८ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका गोऱ्या शिक्षिकेने ते वर्गात वाचलं, काही पानांच्या काळ्यापांढऱ्या झेरॉक्स पालकांच्या हाती पडल्या आणि गदारोळ झाला. शिक्षिकेने बदली मागून घेतली. तरी ओघ थांबला नाही. पुढच्याच वर्षी बेल हुक्स या कृष्णवर्णीय लेखिकेचं 'हॅपी टू बी नॅपी' निघालं. २०१९ मध्ये केसांवरचं 'हेअर लव्ह' आणि सावळेपणावरचं 'सुल्वे'.

जाडी रांगेत मागे राहिली, कारण रंग बदलत नाही, वजन बदलता येतं, असं मोठ्यांचं म्हणणं. त्यात २०१० मध्ये मिशेल ओबामांनी मुलांच्या लठ्ठपणाविरुद्ध मोहीम उघडली. हेतू आरोग्याचाच, पण जाड मूल हा राष्ट्रीय प्रश्न ठरला. २०११ मधलं 'मॅगी गोज ऑन अ डाएट' याच हवेतलं. मुखपृष्ठावर मॅगी अंगाला न होणारा गुलाबी फ्रॉक धरून उभी, आणि आरशात सडपातळ मॅगी. चौदा वर्षांची ही मुलगी वजन उतरवून फुटबॉलमध्ये चमकते. पुस्तक बाजारात येण्याआधीच त्यावर टीकेची झोड उठली.

व्हॅष्टी हॅरिसन यांचं 'बिग' (२०२३) मला या सगळ्यांत उजवं वाटतं, कारण ते उपदेश न करता पानाकडून काम करून घेतं. लहानपणी 'मोठी झालीस हं' हे कौतुक असतं. पुढे त्याच शब्दाचा टोमणा होतो. मुलगी पानोपानी वाढत जाते, चौकटीत मावेनाशी होते, हातपाय दुमडून बसते. शेवटी पानच उलगडून रुंद होतं. मनाला लागलेले शब्द ती ज्याचे त्याला परत करते. एकजण तिला बदलायचा उपाय सुचवतो, तर ती नको म्हणते. या पुस्तकाला २०२४ चं कॅल्डिकॉट मिळालं. 'सुल्वे' आणि 'हेअर लव्ह'ची चित्रंही हॅरिसन यांचीच.