सायकलला विमा नाही, म्हणून भरपाई नाही?

‘सायकलला ना नंबर, ना लायसन्स, ना विमा. कारने धडक दिली तर काही मिळत नाही, जागेवर देतील तेवढे पैसे घ्या.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. भरपाई सायकलच्या नव्हे, कारच्या विम्यातून मिळते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार रस्त्यावरच्या प्रत्येक कारला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि सायकलस्वार हाच तो ‘थर्ड पार्टी’. गंभीर दुखापत असेल तर कलम 164 खाली चालकाची चूक सिद्ध न करताही अडीच लाख रुपये मागता येतात.

खात्री करायची असेल तर घरातल्याच कारची पॉलिसी उघडा. थर्ड पार्टीचा हप्ता वेगळा लिहिलेला दिसेल.

म्हणून धडक बसल्यावर आधी रस्त्याच्या कडेला या आणि नंबरप्लेटचा फोटो घ्या. वाकलेलं चाक, फुटलेलं हेल्मेट तसंच ठेवा, लगेच दुरुस्तीला टाकू नका. दवाखान्यात ‘पडलो’ नव्हे, ‘कारने धडक दिली’ असंच सांगा, कारण केसपेपरवरची ती ओळ पुढे फार उपयोगी पडते. पोलिसांत नोंद कराच. जागेवर पाचशे-हजार घेऊन तडजोडीच्या कागदावर सही मात्र करू नका. मुका मार कधीकधी दुसऱ्या दिवशी बोलतो. दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने आहे.