माघ-फाल्गुनात फुलणारे कंद: निवड आणि लागवडीविषयी ग्राहकांसाठी माहिती

दसरा जवळ आला की आमच्या रोपवाटिकेत “ट्यूलिपचे कंद आले का?” हा प्रश्न रोज विचारला जातो. वसंतात श्रीनगरचे ट्यूलिप उद्यान पाहून आलेल्यांना ती फुले पुण्यातील आपल्या गच्चीवरही हवीशी वाटावीत, हे स्वाभाविक आहे. परंतु झबरवान डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या उद्यानात शरदाच्या अखेरीस लावलेले कंद संपूर्ण हिवाळा गार मातीत काढतात, आणि त्या थंडीशिवाय ट्यूलिपचा दांडा नीट वाढत नाही. कंद १२ ते १४ आठवडे फ्रिजमध्ये ५ अंशांच्या आसपास ठेवून ही उणीव भरून काढता येते. मात्र त्याच फ्रिजमध्ये सफरचंदे किंवा केळी असतील, तर पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे कंदातील कळी आतच वाळते. या कारणाने आम्ही ट्यूलिप विकत नाही.

पुण्याच्या हवेत आम्ही सर्वप्रथम ग्लॅडिओलस सुचवतो. त्याला थंडीचा साठा लागत नाही आणि लागवडीपासून साधारण ६० ते ९० दिवसांत फूल येते. पांढऱ्या, सुवासिक, गुच्छाने येणाऱ्या नर्गिसलाही कडक थंडीची गरज नसते. पिवळ्या, मोठ्या तुतारीच्या डॅफोडिलचे मात्र तसे नाही. रॅननक्युलसचे पंजासारखे सुके कंद तीन-चार तास पाण्यात भिजवून, नखे खाली करून लावावेत. फ्रीझिया आम्ही महाबळेश्वर-पाचगणीकडील ग्राहकांनाच आग्रहाने देतो, कारण तिला थंड माती लागते.

कंद निवडताना तो अंगठ्याने दाबून पाहावा. बूड घट्ट आणि हाताला वजनदार लागले पाहिजे. वरचे कागदासारखे साल सुटलेले असले तरी बिघडत नाही, पण बूड मऊ असेल तर तो कंद बाजूला ठेवावा. ग्लॅडिओलसमध्ये रुंद पण चपट्या कंदापेक्षा मध्यभागी उंच, फुगीर कंद अधिक चांगला. आमच्याकडे कंद पाकिटात बंद करून न ठेवता उघड्या जाळीच्या ट्रेमध्ये ठेवतो, ते ग्राहकांना असे हाताळून निवडता यावेत म्हणूनच.

आता ज्या चुकीमुळे दरवर्षी अनेकांचा हंगाम वाया जातो, तिच्याविषयी. ऑक्टोबरच्या उन्हात, पावसाने अजून ओल्या असलेल्या मातीत कंद लावले जातात आणि पुढे रोपांना घालतो तसे रोज पाणी घातले जाते. कोंब येईपर्यंत कंदाला मुळे जेमतेम असतात, त्यामुळे ते पाणी त्याला घेता येत नाही. उबदार, ओल्या मातीत बुरशी वाढते आणि तीन आठवड्यांनी उकरून पाहिल्यास हाताला तपकिरी, दुर्गंधीयुक्त लगदा लागतो. ग्राहक डिसेंबरअखेरीस “कंद खराब निघाले” म्हणून येतात, तोपर्यंत नव्याने लावलेल्या नर्गिस किंवा रॅननक्युलसची फुले उन्हाळ्याच्या तोंडावर सापडतात. लागवडीच्या दिवशी एकदा भरपूर पाणी द्यावे. त्यानंतर बोट दोन पेरे मातीत घालून ते कोरडे निघाले, तरच पुन्हा द्यावे. ग्लॅडिओलसला दोन-तीन पाने फुटल्यावर मात्र पाण्याचा ताण पडू देऊ नये, कारण फुलाचा दांडा त्याच सुमारास आत घडू लागतो.

याच अनुभवावरून आम्ही नोंदणी दसऱ्याला घेतो, परंतु कंद दिवाळीनंतर, रात्री गार होऊ लागल्यावरच हाती देतो. काहींना हा विलंब गैरसोयीचा वाटतो, याची आम्हांस जाणीव आहे. तोपर्यंत कंद आमच्याकडे कोरड्या, हवेशीर खोलीत राहतात आणि देण्यापूर्वी प्रत्येक कंद पुन्हा दाबून तपासला जातो. ज्यांना फुले टप्प्याटप्प्याने हवी आहेत, त्यांनी ग्लॅडिओलसचे कंद एकदम न नेता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन हप्त्यांत न्यावेत. उरलेले हप्ते त्यांच्या नावाने आम्ही राखून ठेवतो. कुंडी किमान दहा इंच खोल असावी आणि तिच्या तळाला पाणी निघण्याची छिद्रे असावीत. निचऱ्यासाठी वाळू व कोकोपीट मिसळलेली माती आमच्याकडे तयार मिळते. घरची माती वापरायची असल्यास तिचा मूठभर नमुना आणावा, त्यात किती वाळू मिसळावी ते आम्ही पाहून सांगू.